इंग्रजीतील समान अंत्यध्वनीचे शब्द व त्यांचे अर्थ

खेड्यातील प्राथमिक शाळेजवळून जाणाऱ्या मनुष्याच्या कानी पुष्कळदा एक घोष पडतो : 'सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर, आर् ए टी रॅट, रॅट म्हणजे उंदीर.' पाढ्यांप्रमाणेच हा घोषही मुलांना आवडतो. शब्दांचा शेवट सारखा असल्यामुळे ते जिभेवर चटकन बसतात, मागे पडणारे मूलही इतरांच्या सुरात सूर मिळविते आणि वर्ग जागा राहतो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जात आहे. त्यामुळे पूर्वी वरच्या वर्गांत ऐकू येणारा हा घोष आता अगदी लहान मुलांच्या वर्गातही ऐकू येतो. या पद्धतीत मुळात गैर असे काही नाही. परंतु तिची मर्यादा ध्यानात न घेतल्यास काय होते, ते पुढील प्रसंगावरून दिसून येईल.

एका शाळेत चौथीच्या वर्गापुढे फळ्यावर एक इंग्रजी वाक्य लिहिले होते. मुलगा विहिरीत पडला, असा त्याचा अर्थ. त्यात 'फेल' व 'वेल' हे दोन शब्द होते. वर्गातील एका मुलीने 'बेल, फेल, सेल, टेल, वेल' ही सारी माळ त्यापूर्वी अचूक म्हणून दाखविली होती. तिला वाक्याचा अर्थ विचारला असता तिने थोडा विचार करून सांगितले, 'मुलगा नापास झाला आणि वेलीत गेला.' वर्ग हसला. मुलगी खाली बसली आणि त्या तासात पुन्हा उभी राहिली नाही.

या मुलीने बुद्धी वापरली नाही, असे कोण म्हणेल? थोरला भाऊ दहावीला 'फेल' झाला, हे शब्द तिने घरात ऐकले होते. 'वेल' तर तिच्या परसातल्या कुंपणावर चढलेला होता. अर्थ शोधावयाचा म्हणून तिने आपल्याजवळची सारी सामग्री कामी लावली. तिला न मिळालेली गोष्ट एकच होती. यमकाच्या माळेतील प्रत्येक शब्दाला स्वतंत्र अर्थ असतो आणि तो माळेवरून नव्हे तर वाक्यावरून कळतो, हे तिला कोणी दाखवून दिले नव्हते. ही उणीव मुलीची नव्हे, अध्यापनाची होय. अशा प्रसंगी वर्गातील हसण्याने गप्प झालेले मूल पुढे इंग्रजीच्या तासाला गप्पच राहण्याचा संभव असतो. म्हणून या विषयाचा शिक्षकाने थोड्या खोलात जाऊन विचार केला पाहिजे.

१. मराठीतील अनुभव

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे हे अध्यापनाचे जुने सूत्र आहे. तेव्हा प्रथम मराठी शब्द घेऊ. घाट, वाट, लाट, ताट, खाट हे शब्द सयमक आहेत. पण त्यांच्या अर्थांचा परस्परांशी काही संबंध नाही. येथे केवळ ध्वनींचा योगायोग आहे. 'पाट' हा शब्द तर एकटाच दोन अर्थ वाहतो. एक पाट बसावयाचा, दुसरा शेताला पाणी नेणारा.

आता दुकानदार, जमीनदार, ठेकेदार, वतनदार हे शब्द पाहावेत. येथे 'दार' हा प्रत्यय असून बाळगणारा, चालविणारा असा अर्थ तो प्रत्येक शब्दात आणतो. येथे शेवट सारखा आहे, कारण अर्थाचा एक अंश सारखा आहे. मात्र 'उदार' किंवा 'मंदार' या शब्दांच्या शेवटी 'दार' ऐकू आले, तरी तो प्रत्यय नव्हे.

तिसरा प्रकार गडगडाट, कडकडाट, खणखणाट, घणघणाट या शब्दांचा. हे शब्द उच्चारताच आवाज कानी येतो. येथे ध्वनीच अर्थ सुचवितो.

केवळ यमक, अर्थवाही प्रत्यय आणि अर्थसूचक ध्वनी असे हे तीन प्रकार झाले. इंग्रजीतील समान शेवटाच्या शब्दांचेही हेच तीन प्रकार आहेत. कोणती माळ कोणत्या प्रकारची, हे शिक्षकाला ठाऊक असले म्हणजे अर्धे काम झाले.

२. केवळ यमक

प्राथमिक वर्गांतील बहुतेक माळा या प्रकारच्या असतात. 'ए-टी' ही अक्षरे शेवटी असलेली माळ घ्यावी : कॅट, रॅट, बॅट, हॅट, मॅट, फॅट, सॅट. कॅट म्हणजे मांजर व रॅट म्हणजे उंदीर, येथपर्यंत अडचण नाही. 'बॅट' म्हणताच मुलांच्या डोळ्यांपुढे क्रिकेटची बॅट उभी राहते. परंतु इंग्रजीत वटवाघळालाही बॅटच म्हणतात. 'मॅट' म्हणजे चटई; कबड्डीची मॅट पाहिलेल्या मुलांना ती लगेच कळेल. 'फॅट' हा शब्द दुभते जनावर असलेल्या घरातील मुलाला शिक्षकाइतकाच परिचित असतो, कारण दूध-संकलन केंद्रावर दुधाचा भाव 'फॅट' पाहून ठरतो. तेथे त्याचा अर्थ स्निग्धांश असा आहे. मनुष्याच्या किंवा प्राण्याच्या बाबतीत तोच शब्द लठ्ठ या अर्थी येतो. 'सॅट' म्हणजे बसला, बसली. हे 'सिट' या क्रियापदाचे भूतकाळाचे रूप होय.

या सात शब्दांत काही नामे आहेत, एक भूतकाळी क्रियापद आहे आणि 'फॅट' नामही आहे व विशेषणही. 'अमुक म्हणजे तमुक' या एकाच साच्यात सारे ओतले की हा भेद नाहीसा होतो. मग मुलाला 'सॅट' हीदेखील मांजरासारखी एखादी वस्तूच वाटू लागते. म्हणून नाम असेल तेथे वस्तू किंवा चित्र दाखवावे. क्रिया असेल तेथे ती करून दाखवावी. गुण असेल तेथे दोन वस्तूंची तुलना करावी.

दुसरी माळ दोन 'एल्' शेवटी असलेली : बॉल, कॉल, फॉल, टॉल, वॉल, स्मॉल. बॉल म्हणजे चेंडू, वॉल म्हणजे भिंत. टॉल म्हणजे उंच आणि स्मॉल म्हणजे लहान. कॉल म्हणजे हाक मारणे. भ्रमणध्वनीवरील 'कॉल' मुलांना माहीत असतोच, तेव्हा दूरच्या माणसाला मारलेली हाक असे सांगितल्यास दोन्ही अर्थ एकत्र बसतात. फॉल म्हणजे पडणे. साडीच्या काठाला आतून लावतात तो 'फॉल' मुलींना ठाऊक असतो. साडी नीट खाली पडावी, तिच्या निऱ्या चोपून बसाव्यात म्हणून ती पट्टी असते, हे सांगितल्यास शब्द मनात पक्का होतो. हाच 'फॉल' भूतकाळात 'फेल' होतो, आणि आरंभीच्या प्रसंगातील मुलगा विहिरीत पडला तो याच अर्थाने. या माळेला एक अपवाद आहे. एस्-एच्-ए-एल्-एल् याचा उच्चार 'शॉल' नसून 'शॅल' असा आहे.

तिसरी माळ बेल, सेल, टेल, फेल, वेल, स्मेल ही. बेल म्हणजे घंटा. शंकराला वाहावयाचा बेल निराळा, हे मुलांना मुद्दाम सांगावे. मुले हसतात आणि विसरत नाहीत. टेल म्हणजे सांगणे, स्मेल म्हणजे वास. वेल म्हणजे विहीर, तसेच 'चांगले, बरे' असाही त्याचा अर्थ आहे. प्रकृती बरी आहे असे सांगताना हाच शब्द येतो. 'सेल' या शब्दाने तर मोठाच घोटाळा होतो. एस्-ई-एल्-एल् म्हणजे विकणे. सी-ई-एल्-एल् म्हणजे विजेरीत घालावयाचा सेल. प्राण्यांच्या व वनस्पतींच्या शरीरातील पेशीलाही तोच शब्द आहे. दुकानावरील फलकात 'सेल' असते ते एस्-ए-एल्-ई, म्हणजे विक्री. या तिसऱ्या शब्दाचा उच्चार पहिल्या दोहोंहून निराळा आहे. तो निराळा कसा, ते पुढे पाहू.

३. देवनागरी लेखनाने होणारा भ्रम

मराठीत ऱ्हस्व 'ए' व दीर्घ 'ए' यांसाठी वेगळी चिन्हे नाहीत, कारण मराठीला त्यांची गरज पडत नाही. इंग्रजीत मात्र हा भेद अर्थभेदक आहे. 'पेन' असे देवनागरीत लिहिले असता पी-ई-एन् म्हणजे लेखणी आणि पी-ए-आय्-एन् म्हणजे वेदना हे दोन्ही शब्द सारखेच दिसतात. मुले त्यांचा उच्चारही सारखाच करतात. तीच गोष्ट पुढील जोड्यांची.

लेट : ऱ्हस्व असता 'करू देणे', दीर्घ असता 'उशिरा'.
वेट : ऱ्हस्व असता 'ओले', दीर्घ असता 'वाट पाहणे' किंवा, निराळ्या स्पेलिंगने, 'वजन'.
टेल : ऱ्हस्व असता 'सांगणे', दीर्घ असता 'शेपूट'.
मेन : ऱ्हस्व असता 'पुरुष' याचे अनेकवचन, दीर्घ असता 'मुख्य'.
फेल : ऱ्हस्व असता 'पडला', दीर्घ असता 'नापास होणे'.

चौथीतील त्या मुलीची चूक याच शेवटच्या जोडीतून झाली, हे आता स्पष्ट होईल. दोष तिच्या कानाचा नव्हता. तिच्या कानावर दोन वेगळे उच्चार कधी पडलेच नव्हते, आणि फळ्यावर इंग्रजी शब्दांखाली देवनागरी लिहिताना तो भेद पुसला गेला होता.

यावर उपाय सोपा आहे. ऱ्हस्व उच्चार तोडून, झटकन करावा. दीर्घ उच्चार किंचित ओढून, शेवटी 'इ'कडे झुकवून करावा. त्याचबरोबर स्पेलिंगकडे लक्ष वेधावे. ऱ्हस्व उच्चाराच्या या शब्दांत मध्ये केवळ 'ई' हे अक्षर आहे. दीर्घ उच्चार असता मध्ये बहुधा 'ए-आय्' ही जोडी असते, किंवा मध्ये 'ए' असून शब्दाच्या शेवटी न उच्चारले जाणारे 'ई' असते.

हे मुके 'ई' मुलांना फार आवडते, कारण ते स्वतः बोलत नाही, पण दुसऱ्याला बोलावयास लावते. टॅप म्हणजे नळ. शेवटी 'ई' लावताच टेप, म्हणजे पट्टी. प्लॅन म्हणजे आराखडा. 'ई' लावताच प्लेन, म्हणजे विमान. हॅट म्हणजे टोपी. 'ई' लावताच हेट, म्हणजे द्वेष करणे. कॅन म्हणजे डबा, तसेच 'शकणे'. 'ई' लावताच केन, म्हणजे वेत. उसाला 'शुगरकेन' म्हणतात त्यातील केन तो हाच. एका अक्षराने उच्चारही पालटतो आणि अर्थही पालटतो, हे मुलांना खडू व फळा यांच्या साहाय्याने दोन मिनिटांत दाखविता येते.

४. अर्थवाही शेवट

वरच्या वर्गांत दुसऱ्या प्रकारचे शब्द येऊ लागतात. टीचर, फार्मर, ड्रायव्हर, सिंगर यांचा शेवट सारखा आहे, कारण 'ई-आर्' हा करणारा या अर्थाचा प्रत्यय आहे. टीच म्हणजे शिकविणे, शिकविणारा तो टीचर. कंडक्टर, डॉक्टर या शब्दांत तोच अर्थ 'ओ-आर्' या अक्षरांनी येतो. डॉक्टर हा शब्द मूळ लॅटिन असून त्याचा मूळ अर्थ शिक्षक असा आहे, ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हा प्रत्यय माणसाप्रमाणे यंत्रालाही लागतो. मिसळणारे यंत्र ते मिक्सर, ओढणारे ते ट्रॅक्टर. येथे एक विनोदी अपवाद संभवतो. कुक म्हणजे स्वयंपाक करणे. तेव्हा स्वयंपाक करणारा मनुष्य तो 'कुकर' असे मूल सहजच म्हणेल. पण माणसाला इंग्रजीत कुकच म्हणतात आणि कुकर हे भांडे आहे. असे उत्तर देणाऱ्या मुलाला चूक म्हणण्यापूर्वी त्याची शाबासकी करावी, कारण त्याने नियम ओळखला आहे. अपवाद काय तो त्याला ठाऊक नाही.

पुन्हा 'ई-आर्' हाच शेवट तुलनेसाठीही येतो. टॉल म्हणजे उंच, टॉलर म्हणजे अधिक उंच. आणि फादर, मदर, वॉटर, रिव्हर, पेपर यांत तो प्रत्ययच नाही. ओळखावे कसे? शेवटची अक्षरे झाकावीत आणि उरलेला शब्द अर्थपूर्ण आहे काय ते पाहावे. 'टीचर' मधून 'टीच' उरते. 'फादर' मधून काहीच उरत नाही. मात्र उरलेल्या शब्दाचा अर्थ मूळ शब्दाशी जुळलाही पाहिजे. कोपरा या अर्थाच्या 'कॉर्नर' मधून 'कॉर्न' म्हणजे मका उरतो. पण कोपऱ्याचा मक्याशी काही संबंध नाही.

गणिताच्या तासाला 'शन' या शेवटाची ओळख अनायासे करून देता येते. ॲडिशन म्हणजे बेरीज, सब्ट्रॅक्शन म्हणजे वजाबाकी, मल्टिप्लिकेशन म्हणजे गुणाकार. ॲड, सब्ट्रॅक्ट, मल्टिप्लाय या क्रियापदांपासून झालेली ही क्रियेची नावे आहेत. भागाकाराच्या शब्दाचा शेवट 'डिव्हिजन' असा किंचित मऊ होतो. इलेक्शन, ट्यूशन, ॲडमिशन, स्टेशन हे शब्द तर गावातील निरक्षर माणसाच्याही तोंडी असतात. स्टेशन या शब्दाच्या मुळाशी उभे राहणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे आणि तो संस्कृतातील 'स्था' धातूचा आप्त आहे. तेव्हा स्टेशनाला मराठीत 'स्थानक' म्हणताना आपण त्याच घराण्यातील शब्द योजतो. फॅशन व कुशन यांचा शेवट कानाला तसाच लागला, तरी त्यांचे स्पेलिंग निराळे आहे व ती क्रियेची नावे नव्हेत.

'फुल' व 'लेस' ही प्रत्ययांची जोडीही उपयुक्त आहे. केअरफुल म्हणजे काळजीपूर्वक, केअरलेस म्हणजे निष्काळजी. यूजफुल म्हणजे उपयोगी, यूजलेस म्हणजे निरुपयोगी. मराठीतील 'पूर्ण' व 'हीन' यांसारखेच त्यांचे कार्य आहे. येथे एकच सावधगिरी सांगावी : भरलेले या अर्थाच्या स्वतंत्र शब्दाला दोन 'एल्' असतात, प्रत्यय झाल्यावर एकच राहतो.

५. ध्वनीच अर्थ सुचवितो तेव्हा

क्रॅश, स्मॅश, डॅश, क्लॅश, स्प्लॅश या शब्दांचा शेवट 'ए-एस्-एच्' आहे. क्रॅश म्हणजे धाडकन आदळणे, स्मॅश म्हणजे फोडून चुरा करणे, डॅश म्हणजे जोराने धाव घेणे किंवा धडकणे, क्लॅश म्हणजे खणखणून भिडणे, स्प्लॅश म्हणजे पाणी सपकन उडविणे. सर्वांत वेग व आघात आहे. त्याचप्रमाणे बंप म्हणजे टेंगूळ, लंप म्हणजे गोळा, हंप म्हणजे उंटाची मदार किंवा बैलाचे वशिंड, स्टंप म्हणजे तोडलेल्या झाडाचा उरलेला खुंट. या सर्वांत काहीतरी बोथट, उठावाचे असे आहे. क्रिकेटमधील स्टंप हाही जमिनीत रोवलेला खुंटच होय.

अशा अर्थसूचक ध्वनिसमूहांना इंग्रज भाषाशास्त्रज्ञ जे. आर्. फर्थ यांनी १९३० साली एक शास्त्रीय संज्ञा दिली. हे फर्थ त्यापूर्वी लाहोर येथे पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. मात्र हा नियम नव्हे, केवळ कल आहे. ॲश म्हणजे राख व कॅश म्हणजे रोकड यांत आघात नाही. जंप व पंप यांत टेंगूळ नाही. आणि डब्ल्यू-ए-एस्-एच् याचा तर उच्चारही 'वॉश' असा होतो. वर्गात या शब्दांचा उपयोग अभिनयासाठी करावा. मुले स्प्लॅश करून दाखवितात, अर्थ सांगावा लागत नाही.

६. एका कुटुंबाची कथा

नाइट, लाइट, राइट, साइट, फाइट, ब्राइट या शब्दांत 'जी-एच्' ही दोन अक्षरे लिहितात, पण उच्चारीत नाहीत. मुले विचारतात, 'गुरुजी, उच्चारावयाची नाहीत तर लिहावयाची कशाला?' प्रश्न रास्त आहे. पूर्वी इंग्रज लोक ही अक्षरे उच्चारीत असत. त्यांचा उच्चार घशातून काढलेल्या 'ख'सारखा होता. इंग्लंडमध्ये १४७६ साली कॅक्स्टन याने मुद्रणालय काढले. त्यानंतर हळूहळू लेखन स्थिर होत गेले, पण उच्चार पुढे बदलला. जर्मन भाषेत मात्र रात्रीच्या शब्दातील तो ध्वनी अद्यापि उच्चारतात.

ही कथा आपल्याही दारापर्यंत येते. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास दिलेल्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे मूळ एक असावे, असे प्रतिपादन केले आणि तौलनिक भाषाभ्यासाला चालना मिळाली. त्या अभ्यासानुसार रात्र या अर्थाचा 'नाइट' आणि संस्कृत 'नक्तम्' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. दिवसभर न जेवता रात्री जेवण्याच्या व्रताला आपण 'नक्त' म्हणतो, त्यातील शब्द तो हाच. आठ या अर्थाचा इंग्रजी शब्द 'एट' व संस्कृत 'अष्ट' यांचेही नाते असेच आहे. हलका या अर्थाचा 'लाइट' हा 'लघु' याचा आप्त आहे. आणि प्रकाश या अर्थाचा 'लाइट' हा मुळात निराळाच शब्द असून 'रुच्' म्हणजे प्रकाशणे या धातूशी संबंधित आहे. दोन भिन्न घरचे शब्द कालौघात एकाच रूपाचे झाले. आनंद या अर्थाच्या 'डिलाइट' या शब्दात मात्र 'जी-एच्'चा उच्चार कधीच नव्हता. तो फ्रेंचमधून आला आणि 'लाइट'च्या नादाने लोकांनी त्यात ती अक्षरे घातली. यमकाने शब्दाचे स्पेलिंगही बदलल्याचे हे उदाहरण आहे.

या कुटुंबातील शब्दांचे अर्थ सांगताना पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. 'राइट' म्हणजे उजवा, बरोबर व हक्क. आरंभी 'डब्ल्यू' असून शेवटी 'टी-ई' असता लिहिणे. 'साइट' म्हणजे दृष्टी. बांधकामाच्या जागेला म्हणतात ती 'साइट' निराळ्या स्पेलिंगची. 'नाइट'च्या आरंभी 'के' असल्यास तो शूर सरदार. 'लाइट गेली' असे आपण म्हणतो तेव्हा वीज अभिप्रेत असते. इंग्रजीत त्यासाठी 'पॉवर' हा शब्द योजणे बरे. 'काइट' म्हणजे पतंग. पण मुळात ते घारीचे नाव होय. आकाशात घिरट्या घालणाऱ्या घारीवरून खेळण्याला ते नाव पडले.

हा इतिहास मुलांना पाठ करावयास देऊ नये. तो शिक्षकासाठी आहे. इंग्रजी स्पेलिंग म्हणजे निव्वळ वेडेपणा, असे शिक्षकाच्या बोलण्यातून मुलांच्या मनावर बिंबता कामा नये, एवढाच त्याचा हेतू.

७. वर्गातील योजना

(अ) एका आठवड्यास एकच माळ घ्यावी व तीत पाच-सहापेक्षा अधिक शब्द असू नयेत. यमक जुळते म्हणून 'मॅट'च्या जोडीला मुलांनी कधी न पाहिलेल्या वस्तूचा शब्द ओढून आणू नये.

(आ) प्रथम ऐकणे, मग म्हणणे, मग वस्तू किंवा क्रिया पाहणे, आणि त्यानंतर लिहिणे, हा क्रम ठेवावा. शब्दाखाली देवनागरी लिहिणे टाळता आल्यास उत्तम. लिहावेच लागल्यास दुसऱ्या दिवशी पुसावे.

(इ) माळ म्हणून झाल्यावर क्रम मोडावा. क्रमाने म्हणणारे मूल पुष्कळदा सूर ओळखते, शब्द ओळखत नाही. शब्दपट्ट्या मिसळून, हवी ती पट्टी उचलावयास सांगावी.

(ई) प्रत्येक शब्द एका लहान वाक्यात आणावा आणि ते वाक्य मुलांच्या परिसरातले असावे. विहीर शाळेजवळ असेल तर 'वेल' हा शब्द विहिरीकडे बोट दाखवून शिकवावा.

(उ) दोन अर्थांच्या शब्दांसाठी दोन चित्रे काढावीत. फळ्याच्या एका बाजूस क्रिकेटची बॅट, दुसऱ्या बाजूस उलटे लोंबणारे वटवाघूळ. शिक्षकाने वाक्य म्हणावे व मुलांनी योग्य त्या चित्राकडे बोट दाखवावे.

(ऊ) एकशिक्षकी किंवा द्विशिक्षकी शाळेत वरच्या वर्गातील मुलांनी खालच्या वर्गासाठी शब्दपट्ट्या व चित्रे तयार करावीत. त्यात त्यांचीही उजळणी होते.

(ए) चुकीचे उत्तर आल्यास ते कोठून आले याचा शोध घ्यावा. 'हा शब्द तू कोठे ऐकलास?' असे विचारावे. बहुधा तो शब्द घरातून, बाजारातून किंवा एस्. टी. च्या थांब्यावरून आलेला असतो आणि आपल्या जागी बरोबरच असतो. मुलाचा अर्थ प्रथम मान्य करावा आणि मग 'येथे मात्र निराळा शब्द आहे' असे दाखवावे.

यांपैकी शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. आरंभीच्या प्रसंगात शिक्षकाने त्या मुलीला विचारले असते, तर भावाचा 'फेल' व परसातला 'वेल' ही दोन्ही उत्तरे वर्गापुढे आली असती. त्यांवरून ऱ्हस्व व दीर्घ 'ए' यांचा भेद सर्व वर्गाला एकाच वेळी शिकविता आला असता. जिच्या चुकीला वर्ग हसला, तिच्याच उत्तरावर त्या दिवसाचा पाठ उभा राहिला असता. त्यासाठी वेगळे साहित्य, वेगळा तास किंवा वेगळा खर्च लागला नसता.

तात्पर्य, यमकाचा घोष बंद करण्याचे कारण नाही. तो मुलांची जीभ वळवितो, कान तयार करतो व भीती घालवितो. परंतु घोष संपल्यावर शिक्षकाने क्षणभर थांबावे, माळेतील एक शब्द उचलावा आणि एका मुलाला त्याचा अर्थ करून, दाखवून किंवा वाक्यात घालून सांगावयास लावावे. रोज एका मुलाला एवढी संधी मिळाली, तरी वर्षाच्या अखेरीस वर्गातील प्रत्येक मूल अनेकदा उभे राहिलेले असेल आणि खाली बसलेले कोणी राहणार नाही.